दुपारी दीड ते साडेपाच

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, मोबाईलवर टाईप करतोय त्यामुळे शुद्धलेखन तुमच्या माणसांनी बघून घ्यावं, कापायचं असेल तर कुठंही कापा पण शिकणाऱ्या मुलांच्या दुपारच्या कामाचा भाग तेवढा ठेवा, कारण तेवढंच सांगायला बसलोय.

इथं गोव्यात, म्हापशात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. छोटंसंच आहे, दोन मशीन, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशन, स्पायरल, पासपोर्ट फोटो, आणि हल्ली ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं काम. सकाळी शटर उघडायच्या आधी मी जिथं भाजी-पाव खातो तिथं आठवड्यातून चार दिवस तरी एक वाक्य ऐकायला मिळतं, की आमच्या गोंयकार पोरांना काम नको, त्यांना फक्त सरकारी नोकरी पाहिजे. मग एकेक उदाहरणं निघतात, हॉटेलात बघा कोण आहे, पेट्रोल पंपावर बघा कोण आहे, कपड्याच्या दुकानात बघा, सगळे भायले, म्हणजे बाहेरचे. मीसुद्धा कित्येक वर्षं मान हलवत होतो. आता हलवत नाही, उलट वाद घालतो, त्यामुळे हल्ली माझ्या टेबलावर बसायला लोक जरा विचार करतात.

वाद का घालतो ते सांगतो, पण त्याआधी माझीच एक चूक सांगायला हवी.

2011 की 2012 असेल, माझ्याकडे पेडण्याच्या आतल्या एका गावातला मुलगा कामाला आला, एफवाय बीकॉमला होता. मी त्याला सांगितलं पार्ट टाइम, कॉलेज सुटल्यावर ये, संध्याकाळी सोडतो. आता तुम्हाला माहितीये म्हापशाचा बाजार कसा चालतो, दुपारी एकला अर्ध्याहून जास्त दुकानांचं शटर खाली, जेवण, झोप, आणि मग साडेतीन-चारला परत उघडणार ते रात्री आठ-साडेआठपर्यंत. मीही तसंच करायचो. म्हणजे हा मुलगा दीडला मोकळा व्हायचा आणि चारपर्यंत बस स्टँडवर नाहीतर दुकानाच्या पायरीवर बसून राहायचा, मी घरी हुमण-शीत खाऊन घोरत पडलेलो. जून महिना होता, वह्या-पुस्तकांचा सीझन, आठला सोडतो म्हणता म्हणता पावणेनऊ व्हायचे. तो कधी काही बोलला नाही. नंतर कळलं की त्याच्या गावची बस कधीच गेलेली असायची, हा कुठल्यातरी टेम्पोत नाहीतर कोणाच्या बाईकवर धारगळपर्यंत जायचा आणि तिथून पुढं पावसात चालत. रोज. आणि सकाळी सातच्या बसने परत कॉलेज.

एक दिवस त्याची आई आली दुकानात. भांडायला नाही, हातात पिशवी, पिशवीत चार नीरफणस आणि आंबाड्याची भाजी, माझ्यासाठी. काउंटरला टेकून एवढंच म्हणाली, "पात्रांव, झिलाक दिसाचें काम दियात, रातचें नाका." म्हणजे मालक, मुलाला दिवसाचं काम द्या, रात्रीचं नको. मी हो हो म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात परत साडेआठ. महिन्याभरात त्याने काम सोडलं, आणि मी त्या भाजी-पावच्या टेबलावर जाऊन काय सांगितलं असेल? आमच्या पोरांना काम नको.

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, म्हणून हे पत्र.

गणित अगदी सोपं आहे पण मला कळायला दहा वर्षं लागली. आपल्याकडची बरीच कॉलेजं सकाळी लवकर भरतात आणि दीडच्या आसपास सुटतात. गावात जाणाऱ्या बसेस संध्याकाळी सात-साडेसातनंतर विरळ होत जातात, सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या भागात तर त्याच्याही आधी. म्हणजे मुलांकडे जो वेळ आहे तो दुपारचा आहे, आणि आपण बाजारवाले नेमकी दुपारच झोपून काढतो आणि मुलांना रात्र मागतो. रात्र कोण देऊ शकतो तर ज्याला घरी जायचं नाही, जो दुकानाच्या मागच्या खोलीतच चार जण मिळून राहतो तो. बाहेरून आलेल्या त्या मुलांबद्दल माझं काहीच वाईट म्हणणं नाही, राबतात बिचारे, पण त्यांच्याशी तुलना करून आपल्या पोरांना आळशी म्हणायचं म्हणजे बस नसलेल्याला बस चुकली म्हणून ओरडण्यासारखं आहे.

तर मी काय केलं. कोविडच्या लॉकडाऊननंतर धंदा बसला होता, त्यात शेजारच्या दुकानदाराने एकदा सहज म्हटलं की अरे दुपारी कोर्टातली, मामलेदार ऑफिसातली माणसं झेरॉक्स शोधत फिरतात आणि सगळं बंद. तेव्हा डोक्यात आलं. मी दुपारी दीड ते साडेपाच दुकान मुलांच्या ताब्यात द्यायला लागलो. मी सकाळी आणि संध्याकाळी, मुलं दुपारी. आता तीन जण आहेत, दोन मुली एक मुलगा, एका वेळी एक नाहीतर दोघं. तासाला 80 रुपये. महिन्याला 24 दिवस धरले तर पूर्ण वेळ आलेल्याचे 7,680 होतात. साडेपाचला त्यांनी दुकानातून बाहेर पडायचंच, गिऱ्हाईक उभं असलं तरी, कारण पावणेसहाची बस गेली की पुढचं सगळं बिघडतं. आणि हो, माझी झोप शाबूत आहे, हा सगळ्यात मोठा फायदा.

पहिल्या महिन्यात घोळ झाले नाहीत असं नाही. एकीने एका वकिलाच्या 140 पानांच्या फाईलची बॅक टू बॅक उलटी मारली, म्हणजे मागचं पान डोकं खाली पाय वर, तो माणूस लाल झाला. टोनर भरताना अख्खा काउंटर काळा केला एकाने. मी दोन-तीन दिवस झोपेतून उठून फोन करत बसायचो, काय चाललंय काय चाललंय. बायको म्हणाली, झोपा नाहीतर दुकानात जा, दोन्ही एकदम करू नका. मग सोडून दिलं. सहा महिन्यांत दुपारचा गल्ला सकाळच्या बरोबरीला आला, कारण कॉलेजची मुलं दुपारीच येतात प्रोजेक्टचे प्रिंट मारायला, आणि काउंटरवर आपल्याच वयाचं कोणी असलं की जास्त येतात, हे माझ्यासारख्या टकल्याला कळायला हवं होतं आधीच.

परीक्षेचा मात्र खरा त्रास आहे, तो लपवत नाही. सेमिस्टरची परीक्षा आली की तिघंही एकदम जातात कारण युनिव्हर्सिटी एकच, टाइमटेबल जवळपास एकच. दोन वर्षं मी त्या दिवसांत दुपारी स्वतः बसलो. आता युक्ती केलीये, एक जण मुद्दाम आयटीआयचा घेतो, त्याची परीक्षा वेगळ्या दिवसांत पडते. तिघांनी मिळून आपला व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, कोणाचं प्रॅक्टिकल आहे, कोणाच्या घरी देवकार्य आहे, आपापसात बदलून घेतात, मला फक्त नाव कळवतात. चतुर्थीचे पाच दिवस दुकान बंदच असतं, त्यावर वादच नाही. चतुर्थीच्या आधीचे दोन दिवस एक मुलगी सुट्टी मागते कारण त्यांच्या घरची माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायची फळं घेऊन तिची आई आणि ती बाजारात बसतात, आणि त्या दोन दिवसांत ती माझ्याकडच्या पंधरा दिवसांइतकं कमावते म्हणे. तसंच मार्च ते मे. काजूचा हंगाम असला की सत्तरी-डिचोलीकडचा मुलगा सकाळी सहाला भाटात, म्हणजे बागेत, बोंडू गोळा करून, बिया वेगळ्या करून मग कॉलेजला येतो. ही मुलं कामाला नको म्हणतात? आपल्याकडे शिकताना काम करणं नवीन नाहीच, फक्त घरच्या कामाला आपण काम धरत नाही आणि त्याचा पगार कोणी मोजत नाही.

आता दुसरी बाजू, जिथं पार्ट टाइमच्या नावाखाली भलतंच चालतं. माझी भाची किनारपट्टीवरच्या एका रेस्टॉरंटला लागली होती, नाव लिहीत नाही. जाहिरात होती विद्यार्थ्यांसाठी पार्ट टाइम, पगार 8,000. गेल्यावर कळलं दुपारी दोन ते रात्री बारा. दहा तास गुणिले 26 दिवस म्हणजे 260 तास, भागून बघा, तासाला 31 रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. त्यात पहिल्या महिन्याचा पगार डिपॉझिट म्हणून ठेवून घेतला, ग्लास फुटला तर कापणार, टिप सगळ्यांची एकत्र करून ती वाटली जाते असं सांगितलं पण वाटताना हिला कोणी बघितलं नाही. कागद काहीच नाही, ना अपॉइंटमेंट लेटर ना पगाराची पावती. दीड महिन्याने सोडलं तेव्हा डिपॉझिट गेलं. तिला विचारलं तक्रार का केली नाहीस, म्हणाली मामा, काय दाखवू? आणि खरंच काय दाखवणार. किमान वेतनाचा कायदा 1948 सालचा, आता त्याच्या जागी 2019 ची वेतन संहिता आली, दुकानं-आस्थापनांचा आपला 1973 चा कायदा आहे, आठवड्याची सुट्टी द्या, रजिस्टर ठेवा वगैरे सगळं त्यात आहे. पण रजिस्टरमध्ये नावच नसेल तर कायदा जाऊन कोणाला शोधणार. मीही पहिली दहा वर्षं कोणाचं नाव लिहिलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. आता हजेरीची वही आहे, आत येताना जाताना वेळ आणि सही, आणि पैसे यूपीआयने, म्हणजे दोघांकडे पुरावा राहतो. हे करायला मला वर्षाला एक 60 रुपयांची वही लागते, आणि ती मी माझ्याच दुकानातली घेतो.

खरा पार्ट टाइम मिळत नाही तेव्हा मुलं जातात कुठं हे बघायचं असेल तर त्यांचे मोबाईल बघा. माझ्याकडच्या एका मुलीच्या मैत्रिणीला मेसेज आला, घरबसल्या पार्ट टाइम, व्हिडिओ लाईक करा, रोज दोन हजार. पहिल्या दिवशी खरंच 150 रुपये आले. दुसऱ्या दिवशी टेलिग्रामवर ग्रुपमध्ये घेतलं, मोठा टास्क, आधी 1,000 भरा 1,400 मिळतील, तेही मिळाले. मग 5,000 भरले, मग 18,000, ते आईच्या खात्यातले. आणि पुढं काहीच नाही, ग्रुप गायब. अशा सायबर फसवणुकीत 1930 या हेल्पलाईनवर फोन करायचा असतो हे तिला माहीत नव्हतं, जेवढ्या लवकर कराल तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते, हिने चार दिवस भीतीने घरी सांगितलंच नाही. आणखी एक प्रकार त्याहून वाईट, तुझं बँक खातं आम्हाला वापरायला दे, कमिशन देतो. त्यात मुलगा स्वतःच आरोपी होऊन बसतो कारण फसवणुकीचे पैसे त्याच्या खात्यातून फिरतात. माझ्या काउंटरवर मी हाताने लिहून चिकटवलंय, काम देणारा पैसे मागत नसतो. मोठ्या अक्षरात. एका मुलाने त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि तिथून मला चार नवीन गिऱ्हाईकं मिळाली, तो भाग वेगळा.

पालकांचंही थोडं बोलायला हवं. गेल्या वर्षी एक मुलगी आठ दिवस आली, हुशार, मराठी टायपिंग मस्त. नवव्या दिवशी तिचे वडील आले, चांगल्या सरकारी खात्यातले, म्हणाले आमच्या घरात खायला कमी नाही, ओळखीच्या लोकांनी हिला काउंटरवर बघितलं. झालं, बंद. मी काही बोललो नाही, पण मनात आलं की आपण जुन्या पिढीतल्या माणसांचं केवढं कौतुक करतो, वार लावून जेवले, माधुकरी मागितली आणि शिकले. आपल्या साखवाळचे, बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक धर्मानंद कोसंबी घर सोडून गेले आणि काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, ते आपल्याला भूषण वाटतं. तिकडं सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या वसतिगृहातली मुलं शेतात राबून शिकली, कमवा आणि शिका हे शब्द तिकडं घरोघरी माहीत आहेत. आणि आपल्या मुलीने एसीत बसून झेरॉक्स मारली तर लोक काय म्हणतील. (एसी माझ्या दुकानात नाही, पंखा आहे, पण मुद्दा तोच.)

सगळ्यांच्याच घरी खायला कमी नसतं असंही नाही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि 2018 मध्ये परत बंद पडल्या, तेव्हा डिचोलीकडचा एक मुलगा माझ्याकडे होता, वडिलांचा ट्रक अंगणात उभा, बँकेचे हप्ते चालू. तो पॉकेटमनीसाठी येत नव्हता, फीसाठी येत होता. त्याने एकदा विचारलं, अंकल, सकाळी कॉलेज सुरू व्हायच्या आधी काही काम आहे का. मी नाही म्हटलं. तो आज कुठंतरी बाहेर जहाजावर आहे असं ऐकलं, शिक्षण मात्र दुसऱ्या वर्षालाच सुटलं.

आता कॉलेजवाल्यांना एक विनंती, रागावू नये. 2023-24 पासून आपल्याकडे नवीन शैक्षणिक धोरण आलं, इंटर्नशिपला क्रेडिट आहेत, चांगली गोष्ट. पण काय होतं, दर वर्षी माझ्याकडे पाच-सहा मुलं येतात, काम मागायला नाही, अंकल लेटरहेडवर लिहून द्या की मी इथं इंटर्नशिप केली, आणि शिक्का मारा. काम न करता. मी देत नाही, पण कोणीतरी देतच असणार. आणि दुसरीकडे माझ्याकडे दोन वर्षं काम करणारी बीकॉमची मुलगी, रोजचा गल्ला, यूपीआयचा हिशेब, उधारीची वही, माल संपायच्या आत ऑर्डर, जीएसटीची बिलं लावून ठेवणं, हे सगळं करते, तिने तिच्या कॉलेजात विचारलं की हे इंटर्नशिपमध्ये धरता येईल का, तर उत्तर मिळालं झेरॉक्सच्या दुकानाचा विषयाशी संबंध नाही. अहो कॉमर्सचा दुकानाशी संबंध नाही तर कोणाचा आहे? सरांनी एकदा येऊन बघावं, चहा माझ्याकडून. नोटीस बोर्डावर एक कोपरा जरी दिला की आसपासच्या कोणत्या दुकानात, क्लिनिकमध्ये, सीएच्या ऑफिसात, हॉटेलच्या रिसेप्शनवर दुपारचं काम आहे, किती तास, किती पैसे, तर मुलांना टेलिग्रामवर शोधायला लागणार नाही, आणि कॉलेजच्या नजरेखाली आहे म्हटल्यावर मालकही जरा सरळ वागतो. सरकारची अप्रेंटिसशिप आहे, ती चांगलीच आहे, पण ती बहुतेक दिवसभराची, शिक्षण झालेल्यांसाठी. शिकत असताना चार तासांसाठी कोण आहे?

आणि माझ्या व्यापारी बंधूंना, ज्यांच्यासाठी मुळात लिहायला बसलो. दुपारी शटर ओढायच्या आधी एकदा विचार करा की त्या बंद तासांचं भाडं तुम्ही देताच, विजेचं मीटरही चालूच असतं. सगळ्यांना जमणार नाही हे मान्य, मासळीवाल्याला दुपारी काय, सोनाराने एकट्या पोरावर दुकान टाकून जावं असंही मी म्हणणार नाही. पण औषधाचं दुकान, पुस्तकं, मोबाईल, कपडे, बेकरी, जिथं दुपारी गिऱ्हाईक येऊन बंद शटर बघून जातं तिथं करून बघा. पणजीत नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, 2004 पासून, तिथं कॉलेजची मुलं गळ्यात कार्ड घालून किती व्यवस्थित काम करतात ते आपण बघतोच, तीच मुलं आहेत ही. कदंबवाल्यांना, म्हणजे सरकारी बसवाल्यांना मात्र एक सांगणं, संध्याकाळी साडेसातनंतर गावाकडे एक जरी जादा बस दिली तर मुलांना सहा तास काम करता येईल, चारवर थांबावं लागणार नाही. तोपर्यंत आम्ही साडेपाचलाच सोडू.

त्या पेडण्याच्या मुलाची आई मला दोन वर्षांपूर्वी शुक्रवारच्या बाजारात दिसली, केळी घेऊन बसली होती. मी ओळख दिली, तिला आठवलं. मुलगा मोपाला विमानतळावर आहे म्हणाली, शिफ्ट असते, घरून गाडी न्यायला येते. मी केळी घेतली, तिने पैसे घेतले नाहीत, मी ठेवून आलो. दुपारच्या कामाची गोष्ट तिला सांगायची होती, पण गर्दी होती, राहून गेली.

शेवटी एक काम आहे. माझ्याकडची एक मुलगी यंदा टीवाय संपवून जातेय, जूनपासून जागा रिकामी. दुपारी दीड ते साडेपाच, रविवार सुट्टी, परीक्षेला सुट्टी, तासाला 80, मराठी टायपिंग येत असेल तर 90. कोणत्याही कॉलेजचा, कोणत्याही शाखेचा चालेल, टोनर मी शिकवीन. पत्र छापलंत तर एवढ्या चार ओळींचे जाहिरातीचे पैसे लावू नका, आणि कापायचंच झालं तर कोसंबींचा भाग कापा, या ओळी नको.

आपला,
एक झेरॉक्सवाला, म्हापसा, बार्देश